तडा गेलेल्या दगडाची कुळकथा

जयपुरास नोकरीच्या निमित्ताने राहणाऱ्या मराठी माणसाकडे देशाकडून पाहुणे आले, म्हणजे त्यांना शहर दाखविण्याचा क्रम बहुधा ठरलेला असतो. पहिल्या दिवशी आमेर, दुसऱ्या दिवशी जंतरमंतर व हवामहाल, आणि तिसऱ्या दिवशी जोहरी बाजार. पाचूची किंमत ऐकल्यावर पाहुणेमंडळी नकळत दोन पावले मागे सरतात. दुकानदार पिढीजात असला म्हणजे त्याला ह्या दोन पावलांचा अर्थ तेव्हाच कळतो. मग तो खालच्या खणातून स्वस्त, परंतु डोळ्यांत भरणारे दगड काढून पुढे मांडतो. त्यांत कधी कधी एक गोटा असतो. बाहेरून पाहिला तर शेताच्या बांधावरचा वाटावा असा मळकट व करडा. पण मधोमध कापून घासल्यावर त्याचे अंतरंग निराळेच निघते. राखाडी भूमीवर मधासारख्या पिवळ्या रंगाच्या रुंद रेषा सर्व दिशांना धावलेल्या असतात, आणि प्रत्येक रेषेच्या दोन्ही काठांना गडद तपकिरी किनार असते. कासवाच्या पाठीची आठवण व्हावी असे ते जाळे असते. दुकानदार त्याचे नाव ‘सेप्टेरियन’ असे सांगतो. पाहुणा तो हातांत घेऊन उलटसुलट करतो, आणि घासाघीस करण्याच्या जन्मजात वृत्तीने म्हणतो, “अहो, पण ह्याला तर तडे गेलेले आहेत!”

पाहुण्याचे हे म्हणणे अक्षरशः खरे आहे. त्या गोट्याला खरोखरच तडे गेलेले असतात. किंबहुना तड्यांवाचून त्यात पाहण्यासारखे दुसरे काहीच नसते. मग बाजारात त्याला किंमत का यावी? तडा हा दोष, हे तर लहान मुलासही ठाऊक. ह्या साध्या प्रश्नाचा मागोवा घेऊ लागले म्हणजे रत्नशास्त्र, भूशास्त्र, देवघर आणि चुन्याची घाणी अशा परस्परांना न ओळखणाऱ्या चार ठिकाणी जावे लागते. तो प्रवास थोडक्यात करावा, एवढाच ह्या लेखाचा हेतू.

प्रथम जयपुराविषयी दोन शब्द. सवाई जयसिंहाने १८ नोव्हेंबर १७२७ रोजी ह्या नगराची स्थापना केली. विद्याधर भट्टाचार्य ह्यांनी आखलेल्या सरळ रस्त्यांच्या आणि चौकड्यांच्या त्या शहरात कारागिरांच्या व व्यापाऱ्यांच्या वस्तीला आरंभापासून जागा होती, आणि जोहरी बाजार हे नावच त्याची साक्ष देते. परंतु एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ज्या पाचूसाठी जयपूर जगभर ओळखले जाते, तो पाचू जयपुरात निघत नाही. राजस्थानात उदेपूरकडे पाचू सापडला तो १९४३ साली; त्यापूर्वी आणि त्यानंतरही येथल्या कारागिरांच्या हाताखालून गेलेला पाचू मुख्यतः परदेशचाच. आज तो कोलंबिया, ब्राझील, झांबिया अशा दूरदूरच्या देशांतून येतो. जयपुराची कीर्ती खाणीची नव्हे, हाताची आहे. दगड कोठलाही असो, तो पारखावा, चिरावा, घासावा आणि त्याला पैलू पाडून परत जगात पाठवावा, हा ह्या शहराचा व्यवसाय. म्हणूनच अमेरिकेतील युटा संस्थानाच्या किंवा मादागास्कर बेटाच्या मातीत जन्मलेला हा तडकलेला गोटाही येथल्या बाजारात येऊन बसतो.

येथल्या जवाहिऱ्यांच्या पारखीमागे जुन्या शास्त्राचे बळ आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेत रत्नपरीक्षेवर स्वतंत्र अध्याय लिहिले. शुभलक्षणी रत्नाने राजाचे कल्याण होते व अशुभ रत्नाने अनिष्ट ओढवते, अशी त्याची भूमिका आहे. म्हणजे रत्नाची परीक्षा ही केवळ किमतीची परीक्षा नव्हती. ती दैवाची परीक्षा होती. पुढे चौदाव्या शतकाच्या आरंभी अल्लाउद्दीन खिलजीच्या खजिन्यात काम करणारा ठक्कुर फेरू नावाचा एक जैन अधिकारी होऊन गेला. बादशाही कोठारातील रत्ने डोळ्यांनी पाहून त्याने १३१५ साली आपल्या मुलासाठी प्राकृतात ‘रयणपरिक्खा’ हा ग्रंथ रचला. नोकरी सांभाळून ग्रंथ लिहिणाऱ्या ह्या अधिकाऱ्याबद्दल आपल्यासारख्यांस विशेष आपुलकी वाटावी! रत्नशास्त्राच्या ह्या परंपरेत हिऱ्याचे जे दोष सांगितले आहेत, त्यांत बिंदू, रेखा आणि काकपद हे ठळक आहेत. काकपद म्हणजे कावळ्याच्या पायासारखी फुटलेली रेघ. दगडाच्या पोटातील बारीकशी चीरसुद्धा शास्त्रकारांच्या नजरेतून सुटली नाही, आणि तिला त्यांनी क्षमाही केली नाही. ह्या मापाने मोजावयाचे, तर आपला गोटा म्हणजे नखशिखान्त काकपदच! शास्त्रकारांच्या दरबारात त्याला उंबऱ्याच्या आतही कोणी घेतले नसते.

मग आता हे तडे आले कोठून, ते पाहू.

कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या एखाद्या उथळ समुद्राचा तळ कल्पनेने डोळ्यांसमोर आणावा. तेथे अत्यंत बारीक गाळ थरांवर थर साचत आहे. तो इतका पाणथळ की त्यात माती कमी आणि पाणीच अधिक. ह्या चिखलात एखादा शिंपला, एखादा मासा, एखादे खेकड्याचे कवच, नाही तर वनस्पतीचा तुकडा पुरला जातो. हवा नसलेल्या त्या अंधारात सूक्ष्म जंतू त्याचे विघटन करू लागतात. समुद्राच्या पाण्यातील सल्फेटाचा उपयोग करून ते जगतात, आणि त्यांच्या ह्या व्यवहारातून जे बायकार्बोनेट सुटते, त्याची पाण्यातील चुन्याशी गाठ पडून कॅल्साइट हे खनिज जन्मते. मातीच्या कणाकणांमधील पोकळ जागा ते खनिज भरून काढते. जेथे मृत जीव होता, त्याच्याभोवती अशा प्रकारे चिखलाचाच एक गोळा सांधला जातो आणि आजूबाजूचा चिखल मऊ असतानाच तो घट्ट होऊ लागतो. मरण हे ज्याचे मूळ, असा हा दगड आहे असे म्हटले तरी चालेल. भूशास्त्रज्ञ अशा दगडास काँक्रीशन म्हणतात. आपण त्याला गोटाच म्हणू.

हा गोटा फार लवकर घट्ट झाला, हे आपल्याला कशावरून कळते? त्याची साक्ष भोवतालचा खडकच देतो. वरून थर साचत गेले, त्यांच्या भाराखाली चिखल दाबला जाऊन त्याचा पातळ पापुद्र्यांचा खडक झाला. हे पापुद्रे गोट्यापाशी आले की त्याला वळसा घालून जातात. वाहते पाणी धोंड्याला वळसा घालते तसे. शिवाय गोट्याबाहेरचे शिंपले चिरडून सपाट झालेले असतात, तर गोट्यातील शिंपला जसाच्या तसा फुगीर सापडतो. भार येण्यापूर्वीच गोट्याने त्याला आपल्या पोटात सांभाळून घेतले होते, असाच ह्याचा अर्थ.

आता तड्यांकडे वळू. उन्हाळ्यात तळे आटले म्हणजे त्याच्या तळाची माती भेगाळते हे आपण सर्वांनी पाहिले आहे. त्या भेगा पृष्ठभागावर रुंद असतात आणि खाली जाता जाता निमुळत्या होतात. आपल्या गोट्यात नेमके उलट असते. भेगा मध्यभागी रुंद असतात आणि बाहेर येता येता बारीक होत बहुधा कवचाच्या आतच संपून जातात. जखम आत आहे, बाहेरची कातडी शाबूत आहे. म्हणूनच न फोडलेल्या गोट्याकडे पाहून आतल्या जाळ्याची कल्पना येत नाही. ‘सेप्टेरियन’ हे नावही ह्या जाळ्यावरूनच पडले. लॅटिन भाषेत सेप्टम म्हणजे कुंपण अथवा आडभिंत. भेगांच्या ह्या भिंतींनी गोट्याच्या पोटात जणू खोल्या पाडलेल्या असतात.

हे का घडले ह्याविषयी विद्वानांत अजून एकमत नाही. बाहेरचे कवच आधी कठीण झाले आणि आतला ओलसर गाभा पाणी गमावून आकसला, म्हणून तो फाटला, हे जुने स्पष्टीकरण आहे. वरच्या थरांचा भार वाढत असता अडकून पडलेल्या पाण्याचा दाब वाढतो आणि अर्धवट कठीण झालेला गाभा त्या ताणाने उकलतो, असे दुसऱ्या काहींचे मत. कुजण्यातून निर्माण होणाऱ्या वायूंवर कोणी भर देतो, तर गाभा अजून कच्चा असताना बसलेल्या भूकंपाच्या धक्क्यांनी तो तडकला असे कोणी मानतो. सर्व गोट्यांना एकच कारण लागू पडावे असे बंधनही नाही. परंतु पुढची गोष्ट निर्विवाद आहे. ह्या भेगा रिकाम्या राहिल्या नाहीत. खडकातून पाझरणारे खनिजयुक्त पाणी त्यांत शिरले. प्रथम भेगेच्या दोन्ही काठांवर तपकिरी रंगाचा, तंतुमय असा थर बसला. बाजारात त्याला बहुधा ॲरागोनाइट म्हणतात, परंतु अनेकदा तोही कॅल्साइटच असतो. मग पुष्कळ काळाने, निराळ्या प्रकारच्या पाण्यातून, मधल्या जागेत स्वच्छ पिवळ्या कॅल्साइटचे स्फटिक वाढले. कोठे बॅराइट किंवा पायराइटही सापडते. काही ठिकाणी भराव अपुरा राहतो आणि मधोमध स्फटिकांनी मढविलेली एक लहानशी गुहा उरते.

ह्या सर्व व्यापाराला किती काळ लागत असेल? न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर मोएराकी येथे समुद्रकिनाऱ्यावर असेच प्रचंड गोल धोंडे विखुरलेले आहेत. माओरी लोकांच्या कथेप्रमाणे ते फुटलेल्या एका पुराणकालीन नावेतून वाहून आलेले भोपळे, रताळी आणि मासे धरण्याच्या टोपल्या होत. ते सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वीच्या गाळात घडले. शास्त्रज्ञांच्या हिशेबाप्रमाणे त्यांतील दोन मीटर व्यासाचे धोंडे वाढण्यास ४० ते ५५ लक्ष वर्षे लागली. हे झाले केवळ गोळा बनण्याचे. भेगा भरण्याचा काळ त्याहून वेगळा.

येथवर वाचून कोणी म्हणेल की हे सगळे परमुलखातले वैभव. आपल्या महाराष्ट्राचा त्याच्याशी काय संबंध? आपला सह्याद्री अग्निजन्य आहे. लाव्ह्यात अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या आणि त्या पोकळ्यांत अकीक, स्फटिक, झिओलाइट ही खनिजे भरली. जळगाव, नाशिक, पुणे ह्या भागांतील खाणींतून निघणारे ते सुंदर गड्डे म्हणजे भेगेचे नव्हे, बुडबुड्याचे अपत्य. तेव्हा त्यांचे आणि सेप्टेरियनचे कूळ वेगळे. परंतु आमच्या काळ्या मातीत ह्या गोट्याचा एक गरीब सख्खा भाऊ राहतो, आणि त्याला प्रत्येक शेतकरी ओळखतो. तो म्हणजे चुनखडी. उत्तरेकडे जिला कंकर म्हणतात ती.

काळा पाषाण झिजताना त्यातील चुन्याचा अंश पावसाच्या पाण्यात विरघळून मातीत उतरतो. पुढे उन्हाळ्यात पाणी उडून जाते आणि चुना मागे राहून त्याचे ओबडधोबड खडे बांधले जातात. नांगराच्या फाळाला कटकट आवाज करीत लागणाऱ्या ह्या खड्याकडे शोभेची वस्तू म्हणून कोण पाहणार? पण एखादा खडा फोडून भिंगाखाली धरावा. त्यातही पुष्कळदा तशाच बारीक भेगा आणि त्यांत भरलेले तसेच लखलखीत कॅल्साइट दिसते. फरक आकाराचा आणि डौलाचा, धर्म तोच. ह्याच खड्यांना भट्टीत भाजून चुना होई, आणि बैलांच्या घाणीत मळून तो वाड्यांच्या व घाटांच्या दगडांत बसे. इकडे उत्तरेत तर कंकराने मोठेच कार्य केले. ग्रँड ट्रंक रोडच्या खडीकरणात तो पसरला गेला. त्यात मातीचा अंश असल्यामुळे त्याचा चुना पाण्याखालीही घट्ट होतो. म्हणून पुलांच्या आणि कालव्यांच्या बांधकामात त्याची योजना झाली.

आश्चर्य असे की, इंग्लंडात खुद्द सेप्टेरियन गोट्याची कीर्तीही शोभेचा दगड म्हणून नव्हे, तर चुन्याचा दगड म्हणूनच झाली. त्याआधी औषधी म्हणून त्याचे नाव होते. सतराव्या शतकातील फ्लेमिश वैद्य व रसायनज्ञ व्हान हेल्मोंट ह्याच्या नावावरून त्याला ‘लुडस हेल्मोन्टी’ म्हणत, आणि त्याने मूतखडा विरघळतो अशी समजूत होती. दगडावर दगडाचा उतारा! इसेक्स परगण्यात चांगल्या दगडाचा तुटवडा. तेथील कोल्चेस्टरच्या रोमन तटबंदीत आणि नंतरच्या किल्ल्यात हेच गोटे बांधकामाला वापरलेले आढळतात. पुढे १७९६ साली जेम्स पार्कर ह्याने एक पेटंट घेतले. टेम्स नदीच्या मुखाजवळील शेपी बेटावर चिकणमातीच्या कड्यातून निखळून पडणारे हे गोटे भाजून दळले, तर काही मिनिटांतच घट्ट होणारा आणि पाण्याला दाद न देणारा भुकटा मिळतो, असे त्याला आढळले. त्याने त्याला ‘रोमन सिमेंट’ असे भारदस्त नाव दिले. वस्तुतः रोमनांचा आणि त्याचा काही संबंध नव्हता. हारविचच्या किनाऱ्यावर नावा घालून समुद्राच्या तळातून हे गोटे उपसले जाऊ लागले. लंडनच्या कित्येक घरांचे दर्शनी गिलावे त्याचे झाले. टेम्स नदीखालून मार्क ब्रुनेल ह्याने १८२५ ते १८४३ ह्या काळात जो प्रसिद्ध बोगदा खणला, त्याच्या विटाही ह्याच सिमेंटाने सांधल्या गेल्या. १८२४ साली जोसेफ ॲस्पडिनने पोर्टलंड सिमेंटाचे पेटंट घेतले. ते सिमेंट सुधारत गेले तसतसा गोट्यांचा हा धंदा मागे पडला. ज्याच्या स्वतःच्या पोटात शेकडो भेगा, त्याने भाजून राख होऊन दुसऱ्यांच्या भिंती सांधाव्यात, ही ह्या दगडाच्या चरित्रातील सर्वांत अर्थपूर्ण घटना मला वाटते.

आता देवघरात जाऊ. महाराष्ट्रातील पुष्कळ घरांतील पंचायतनात शाळिग्राम असतो. तो नेपाळातील काली गंडकीच्या पात्रातून, मुक्तिनाथाच्या परिसरातून येतो. तो काळाभोर गुळगुळीत दगड म्हणजे हिमालय उभा राहण्यापूर्वीच्या टेथिस समुद्राच्या गाळातील, सुमारे १४-१५ कोटी वर्षांपूर्वीचा गोटाच. त्यात जे चक्र दिसते, तो अमोनाइट नावाच्या शंखधारी प्राण्याचा ठसा. मृत जीवाभोवती चिखल सांधला जाण्याची जी क्रिया आपण वर पाहिली, तिचेच हे पूजनीय रूप. शाळिग्राम आणि सेप्टेरियन एकाच कुळातले. एकाला जीवाच्या आकाराने मोठेपण आले, दुसऱ्याला भेगेच्या आकाराने.

आणि येथेच माझ्या मते आपल्या पाहुण्याच्या आक्षेपाचे उत्तर दडलेले आहे. घडविलेली मूर्ती भंगली तर ती पूजेतून काढून तिचे विसर्जन करावे, असा आपला आचार. परंतु शाळिग्रामाला ह्या नियमातून वगळले आहे. तो खंडित असो, फुटलेला असो, चिरलेला असो, त्याला दोष लागत नाही, असे परंपरा सांगते. आपल्या आज्यांनी एखादा दुभंगलेला शाळिग्राम तसाच वर्षानुवर्षे तुळस वाहून पुजलेला पुष्कळांनी पाहिला असेल. ह्यामागचा विचार मोठा मार्मिक आहे. मूर्ती माणसाने घडविली. तिच्या पूर्णत्वाची कल्पना माणसाच्या मनात आधी होती, म्हणून ती मोडली की ती कल्पनाच मोडते. शाळिग्राम कोणी घडविला नाही. तो जसा आहे तसाच पूर्ण आहे. त्याची चीर ही त्याच्या चरित्राचाच भाग आहे. म्हणजे एकाच परंपरेत दोन न्यायालये आहेत. रत्नपरीक्षक म्हणतो, रेखा हा दोष. पूजक म्हणतो, ह्याला दोष नाही. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. कारण पहिला किंमत ठरवितो आणि दुसरा नाते.

जयपुरातील दगड घासणाऱ्या कारागिराला, ज्याला इकडे बेगडी म्हणतात त्याला, ह्या दोन्ही न्यायालयांत रोज हजेरी द्यावी लागते. त्याचा मुख्य धंदा पाचूचा, आणि पाचू हा भेगांनी ग्रासलेला दगड. अगदी निर्दोष पाचू दुर्मीळच. म्हणून त्याला तेलात मुरवितात. तेल बारीक चिरांत शिरले की त्या दिसेनाशा होतात आणि दगड नितळ भासतो. नुसते बिनरंगी तेल वापरले, आणि तसे गिऱ्हाइकाला सांगितले, तर व्यापारात ते मान्य आहे. पण ‘जोबन’ नावाचे हिरवे रंगीत तेलही वापरले जाते. त्याने चीर झाकते आणि वर रंगही उसना चढतो. न सांगता केले तर ती फसवणूकच. शिवाय तेल कालांतराने उडते, आणि मग झाकलेली भेग पूर्वीपेक्षा अधिक बोलू लागते.

सेप्टेरियनच्या बाबतीत झाकण्याचा प्रश्नच नाही. तेथे भेग भरण्याचे काम निसर्गाने आधीच करून ठेवलेले असते. कारागिराचे काम एवढेच की कोठून चिरले असता ते जाळे सर्वांत सुंदर दिसेल, हे बाहेरून ओळखायचे. हे काम दिसते तितके सोपे नाही. कॅल्साइट मऊ असते. काठिण्याच्या मापावर त्याचा क्रमांक तिसरा, तर अकीकाचा सातवा. चाकूच्या टोकानेही त्यावर ओरखडा उमटतो. त्यातून गोट्याचा मातकट भाग आणि स्फटिकाचा भाग सारखे झिजत नाहीत. हात जड पडला की माती खोल जाते आणि रेषा उंच राहते, किंवा स्फटिकाची कड उडते. लाखेत कुरुंदाची पूड कालवून केलेल्या आणि धनुकलीने फिरविलेल्या जुन्या सहाणेवर ज्यांचे हात तयार झाले, त्यांची पुढची पिढी आता विजेच्या चाकावर काम करते. परंतु दगडावर टेकविलेल्या बोटांनी दाब ओळखण्याची विद्या तीच आहे. पोकळ राहिलेल्या भेगांत कधी कधी राळ भरतात, तेही गिऱ्हाइकाने विचारून घ्यावे. आणि घरी नेल्यावर एवढी खबरदारी घ्यावी की तांब्यापितळेच्या भांड्यांप्रमाणे हा गोटा चिंचेने किंवा लिंबाने उजळू नये. आंबटाने चुना विरघळतो. लक्षावधी वर्षांची कमाई दोन दिवाळ्यांत निस्तेज होईल.

शोभेच्या दगडांविषयी लिहिताना आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. दगड घासला की धूळ उडते. गुजरातेत खंबायत येथे अकीकाचे मणी घडविण्याचा धंदा फार प्राचीन. तो अकीक घासणाऱ्या कारागिरांच्या फुप्फुसांत ती सिलिकामय धूळ बसून सिलिकोसिस हा असाध्य रोग होतो. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने त्याचा अभ्यास केलेला आहे. कॅल्साइटची धूळ तितकी घातक नसली, तरी चिकणमातीच्या गोट्यातही वाळूचा अंश असतोच, आणि त्याच खोलीत, त्याच चाकावर बहुधा अकीकही घासला जातो. पाण्याची धार, धूळ ओढून घेणारा पंखा, तोंडावर चांगली पट्टी, ह्या फार खर्चाच्या गोष्टी नव्हेत. दगडाचा तडा भरून यायला लक्षावधी वर्षे लागली तरी तो भरून येतो. माणसाच्या फुप्फुसाचा येत नाही. रत्नाचे दोष मोजणाऱ्या शास्त्रकारांनी हा दोष मोजला नव्हता. आपण मोजला पाहिजे.

तेव्हा आता जोहरी बाजारात परत जाऊ. पाहुणा अजून तो गोटा हातांत धरून उभा आहे, आणि “तडे गेलेले आहेत” ह्या मुद्द्यावर किंमत कमी होते का, ते पाहत आहे. ती थोडीफार कमी होईलही. बाजाराचा तो रिवाजच आहे. परंतु त्याने घ्यावा हे बरे. घरी नेऊन देवघराशेजारच्या कोनाड्यात ठेवावा. शेतातून आणलेला चुनखडीचा एखादा खडाही त्याच्याजवळ असू द्यावा. मुलांनी विचारले, तर तिघांचे नाते सांगावे: देवघरातला तो, शेतातला हा, आणि परदेशातून जयपुरास येऊन चिरला गेलेला हा तिसरा. आणि कोणी शेजारी “तडा गेलेला दगड कशाला आणलात?” असे म्हणालाच, तर त्याला सांगावे की तडा कशालाही जातो, तो कशाने भरला गेला, हे पाहण्यासाठी आणला.